हॅन्डिकॅप नजरेने नको, नोंदीने द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूल या टेबलावर क्यूने खेळायच्या खेळाच्या स्पर्धांच्या जाहिरातींत 'हॅन्डिकॅप', म्हणजे कच्च्या खेळाडूला द्यायची सूट, हा शब्द ठळक छापलेला असतो. ती सूट कोणी ठरवली, कशावरून ठरवली आणि केव्हा ठरवली, हे मात्र बहुधा कुठेच लिहिलेले नसते. नावनोंदणीच्या वेळी आयोजक खेळाडूकडे बघतो, त्याचा मागचा खेळ आठवेल तेवढा आठवतो आणि 'तुला दोन गेम, तुला एक' असे सांगून मोकळा होतो. मग पहिल्या फेरीपासून कुरबूर सुरू होते. हरलेल्याला वाटते आपल्याला सूट कमी मिळाली. जिंकलेल्याला ऐकावे लागते की तू सुटीवर जिंकलास. अशा चारदोन स्पर्धा झाल्या की नवखे तरी येईनासे होतात, नाहीतर पट्टीचे खेळाडू तरी. यावरून हॅन्डिकॅपच वाईट, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. हॅन्डिकॅप आपल्यामागे असलेल्या नोंदीइतकाच खरा असतो. नोंद नसेल तर तो आयोजकाची मर्जी ठरतो, आणि मर्जीवर कोणीही चिडणारच.

आधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. राज्य किंवा राष्ट्रीय अजिंक्यपदात हॅन्डिकॅप नसतो आणि नसावाच. तिथे सर्वांत चांगला कोण, एवढाच प्रश्न असतो. पार्लरमधली मासिक स्पर्धा, कंपन्यांच्या संघांची लीग, जिमखान्यातली अंतर्गत स्पर्धा यांचा हेतू वेगळा: वेगवेगळ्या पातळीच्या वीस-तीस माणसांना एकाच टेबलावर आणायचे आणि प्रत्येक सामन्याला अर्थ राहील असे बघायचे. सुटीशिवाय हे का जमत नाही, ते आकड्यांत पाहू. समजा एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा इतका सरस आहे की तीनपैकी सरासरी दोन गेम तोच घेतो. एका गेममध्ये कच्च्या खेळाडूला ३३ टक्के संधी आहे, म्हणजे वाईट नाही. पण पाच गेमची रेस ठेवली, म्हणजे जो आधी पाच गेम जिंकेल त्याचा सामना, की सरस खेळाडू सुमारे ८५ टक्के सामने जिंकतो, सातच्या रेसमध्ये जवळपास ९० टक्के आणि नऊच्या रेसमध्ये ९२ टक्के. रेस जितकी लांब, तितका लहानसा फरकही मोठा होत जातो. म्हणून 'पाचची रेस आहे, कोणीही जिंकू शकतो' हे नवख्याला दिलेले आश्वासन खोटे ठरते.

सूट देण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि त्यांतली कोणती कुठे चालते हे न बघता उचलली की गोंधळ होतो. सर्वांत साधी आणि सर्वांत स्वच्छ पद्धत असमान रेसची: सरस खेळाडूने पाच गेम जिंकायचे, दुसऱ्याने तीन. यात टेबलावरचा खेळ जराही बदलत नाही. दुसरी पद्धत चेंडूची सूट. नाइन बॉलमध्ये १ ते ९ हे चेंडू क्रमाने खेळायचे असतात आणि नऊ नंबर पॉकेटमध्ये घालणारा, म्हणजे 'घेणारा', गेम जिंकतो. त्यात कच्च्या खेळाडूला 'आठ' दिला जातो. म्हणजे त्याने आठ नंबरचा चेंडू घेतला तरी गेम त्याचा. ऐकायला ही मोठी सूट वाटते, पण जो खेळाडू सलग तीन चेंडू घेऊ शकत नाही, तो आठापर्यंत पोहोचतच नाही. त्याच्यासाठी ती सूट कागदावरच राहते. मधल्या पातळीच्या खेळाडूला तीच सूट फार मोठी पडते. एकाच सुटीची किंमत माणसागणिक बदलत असेल, तर तिच्यावर तक्ता बांधता येत नाही.

एट बॉलमध्ये आपल्या गटाचे सगळे चेंडू घेऊन शेवटी आठ नंबर घ्यायचा असतो. त्यात तर काही ठिकाणी कच्च्या खेळाडूचे एक-दोन चेंडू आधीच टेबलावरून काढून टाकतात. ही पद्धत बंदच करावी. आपले चेंडू टेबलावर असतात तेव्हा ते समोरच्याच्या वाटेत उभे असतात, कोपरा अडवतात, क्यू बॉलला नीट जागा घेऊ देत नाहीत. ते काढले की टेबल मोकळे होते, आणि मोकळ्या टेबलाचा फायदा कोण घेणार? जो एका पाळीत टेबल साफ करू शकतो तोच. सूट द्यायला गेलो आणि सरस खेळाडूचीच वाट झाडून दिली, असे होते. वन पॉकेटमध्ये, जिथे प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या एकाच पॉकेटमध्ये चेंडू घालायचे असतात, चेंडूंची संख्या बदलून, म्हणजे एकाने नऊ आणि दुसऱ्याने सात घ्यायचे असे ठरवून, दिलेली सूट मात्र उत्तम बसते, कारण तिथे चेंडू मोजणे हाच खेळ आहे.

स्नूकर खेळणाऱ्या वाचकांना गुणांची आघाडी परिचयाची असेल. तिथेही एक मर्यादा लक्षात ठेवावी. शेवटच्या सहा रंगीत चेंडूंचे मिळून २७ गुण होतात. आघाडी २८ ची दिली आणि लाल चेंडू संपेपर्यंत दोघांनी सारखेच गुण केले, तर सरस खेळाडूला सर्व रंग घेऊनही फ्रेम मिळत नाही. त्याला स्नूकर लावून, म्हणजे समोरच्याचा नेम अडवून, त्याच्याकडून फाउल मिळवावे लागतात. त्यामुळे २८ च्या आसपास सुटीचे वजन एकदम बदलते. पूलमध्ये गेमची सूट दिली तर अशी पायरी मध्ये येत नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर कित्येक दशके काम झाले आहे आणि तिथल्या दोन पद्धती आपल्या आयोजकांनी नीट समजून घ्याव्यात. पहिली अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनची. १९७९ साली टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी सुरू केलेली लीग पुढे या नावाने वाढली. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी जे आठवड्यातून एक संध्याकाळ लीग खेळतात, त्यांच्या तोंडी 'मी चार आहे', 'तो सहा आहे' अशी भाषा असते, ती याच लीगची. एट बॉलमध्ये खेळाडूंच्या पातळ्या २ ते ७, नाइन बॉलमध्ये १ ते ९. एट बॉलचा तक्ता असा चालतो: ५ विरुद्ध ३ असेल तर रेस ४–२, ६ विरुद्ध ३ असेल तर ५–२, ७ विरुद्ध ४ असेल तरी ५–२, आणि ७ विरुद्ध २ असेल तर ७–२. दोन्ही खेळाडू ७ पातळीचे असतील तर दोघांनाही पाच, दोघेही २ पातळीचे असतील तर दोघांनाही दोनच गेम. हे शेवटचे अनेकांना विचित्र वाटते. पण कच्च्या खेळाडूंचा एक गेम फार वेळ घेतो, आणि एका संध्याकाळी संघांचे पाच सामने संपवायचे असतात. हा तक्ता न्यायाबरोबर घड्याळाचाही विचार करून बसवला आहे, आणि आपल्या भाड्याच्या टेबलांवर घड्याळ जास्तच महत्त्वाचे.

संघासाठी त्यांचा आणखी एक नियम आहे. त्या दिवशी खेळणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. ७, ६, ४, ३, ३ असा संघ बसतो. त्यातला ४ वाला सुधारून ५ झाला की बेरीज २४ होते, आणि त्या रात्री कोणाला तरी बसवावे लागते. या नियमामुळे नवख्यांना संघात मानाची जागा मिळते, हे खरे. पण मेहनत करून सुधारलेल्या संघाला फुटावे लागते, हेही तितकेच खरे. कंपन्यांच्या लीगसाठी हा नियम घ्यायचा असेल, तर मर्यादा हंगामाच्या सुरुवातीच्या पातळीवर मोजावी आणि हंगामभर तीच धरावी. सामन्याची सूट ताज्या पातळीवर द्यावी, संघाची बेरीज मात्र जुन्या. असे केले तर हंगामाच्या मध्यावर कोणाला सुधारल्याची शिक्षा होत नाही.

त्यांच्या नाइन बॉलची गुणपद्धत मला विशेष शिकण्यासारखी वाटते. तिथे गेम मोजतच नाहीत, चेंडू मोजतात. १ ते ८ या प्रत्येक चेंडूला एक गुण, नऊ नंबरच्या चेंडूला दोन, म्हणजे एका रॅकला (एका डावाला) दहा गुण. पातळी १ च्या खेळाडूला सामना जिंकायला १४ गुण लागतात, ३ ला २५, ५ ला ३८, ७ ला ५५, ९ ला ७५. नऊ नंबर ब्रेकवर, म्हणजे डावाच्या पहिल्याच फटक्यावर, पडला तरी सामना हलत नाही, कारण त्याचे दोनच गुण. फाउलवर पडलेला चेंडू कोणालाच मिळत नाही, त्याला 'डेड' म्हणून वेगळ्या रकान्यात मांडतात. नऊ लवकर पडला तर टेबलावर उरलेले चेंडूही त्याच रकान्यात जातात. एक रॅक मांडून दाखवतो. पहिल्या खेळाडूने तीन चेंडू घेतले, दुसऱ्याने चार घेऊन शेवटी नऊही घेतला, एक चेंडू फाउलवर गेला. पहिल्याचे ३, दुसऱ्याचे ६, डेड १, बेरीज १०. प्रत्येक रॅकच्या शेवटी ही बेरीज दहा आलीच पाहिजे. नऊ आली तर एक चेंडू लिहायचा राहिला, अकरा आली तर कोणाला तरी दोनदा दिला. आणि ते पुढचा रॅक लावण्याआधीच कळते. जी नोंदवही स्वतःच चूक दाखवते, तिच्यावरून भांडणे होत नाहीत.

आता ही पातळी ठरते कशी? संपूर्ण सूत्र ते उघड करत नाहीत, पण गुणलेखक काय लिहितो यावरून गाभा कळतो. तो इनिंग मोजतो, म्हणजे दोघांची एकेक पाळी झाली की एक खूण. शिवाय चेंडू घेण्याचा हेतू नसलेला प्रत्येक सेफ्टी शॉट वेगळा लिहितो. कमी पाळ्यांत गेम जिंकणारा सरस, आणि सेफ्टीच्या पाळ्या वजा करायच्या, कारण ती चूक नसून डावपेच असतो. याच ठिकाणी ही पद्धत फसवता येते. समजा एकाने तीन गेम जिंकले, त्यांना ९, ११ आणि १० अशा एकूण ३० इनिंग लागल्या. सेफ्टीचा रकाना कोरा असेल, तर सरासरी गेममागे १०. त्याने खरोखर नऊ सेफ्टी खेळल्या होत्या आणि त्या लिहिल्या असत्या तर २१ भागिले ३, म्हणजे ७. दहा आणि सात यांत पातळीचा फरक पडतो. खेळाडूने काही लबाडी केली नाही, फक्त त्याच्याच संघातल्या गुणलेखकाने खूण केली नाही, तरी तो कागदावर कच्चा ठरला. म्हणून तिथे दोन्ही संघ आपापली वही ठेवतात आणि सामना संपल्यावर दोन्ही वह्या ताडून पाहतात. आपल्याकडे एकच वही असते आणि ती बहुधा काउंटरवरचा मुलगा ग्राहक सांभाळता सांभाळता भरतो. हे चालणार नाही.

मुद्दाम केलेली लबाडीही असते. तिला तिकडे सॅन्डबॅगिंग म्हणतात, आणि आपल्याकडेही हा शब्द आता खेळाडूंना ठाऊक आहे. सोपा आठ सोडायचा, समोरच्याला येऊ द्यायचे, पुन्हा आपली पाळी आली की आणखी एकदा चुकवायचे आणि शेवटी गेम घ्यायचाच. सामना जिंकलेला असतो, इनिंग मात्र वाढलेल्या असतात. पकडायचे असेल तर बघायची जागा एकच: जिंकलेल्या गेममधल्या शेवटच्या दोन-तीन पाळ्या. जो खेळाडू अवघड कट सहज घेतो आणि कोपऱ्याच्या तोंडाशी असलेला आठ वारंवार चुकवतो, त्याची पातळी वाढवावी, वाद घालत बसू नये. लास वेगासच्या त्यांच्या अंतिम स्पर्धेत खेळाडूंची पातळी तिथल्या तिथे वाढवली जाते आणि हद्द ओलांडणारे संघ बादही होतात. मोठ्या बक्षिसाच्या ठिकाणी एवढी कडक देखरेख लागते. ती ठेवायची आपली तयारी नसेल तर बक्षीस लहान ठेवावे आणि ते अनेकांत विभागावे. पहिल्या क्रमांकाला सगळी रक्कम आणि वर हॅन्डिकॅप, हे खेळ झाकणाऱ्याला दिलेले आमंत्रणच आहे.

दुसरी पद्धत फार्गोरेट. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात फार्गो नावाचे शहर आहे. तिथल्या माइक पेज यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. इथे इनिंग नाहीत, सेफ्टी नाहीत, कोण कसा खेळला हे काहीच नाही. कोणी कोणाविरुद्ध किती गेम जिंकले आणि किती हरले, एवढेच. त्यातून प्रत्येकाला एक आकडा मिळतो. दोन आकड्यांत १०० चा फरक असेल, तर सरस खेळाडू गेम दोनास एक या प्रमाणात जिंकेल. २०० चा फरक असेल तर चारास एक, ३०० चा असेल तर आठास एक. आकडा ४०० विरुद्ध ५०० असो की ६०० विरुद्ध ७००, प्रमाण तेच. जगातले अव्वल खेळाडू ८०० च्या वर असतात. आकडा पक्का मानायला खेळाडूचे किमान २०० गेम यंत्रणेत असावे लागतात; तोवर तो तात्पुरताच. आणि सर्वांचे आकडे एकत्र, एकमेकांच्या आधाराने काढले जातात. त्यामुळे तुम्ही ज्याला हरवले तो पुढे इतरांना हरवत गेला, तर तुमचाही आकडा वर सरकतो.

या पद्धतीत पाळ्या वाढवून काही साधत नाही. आकडा खाली आणायचा तर गेम हरावे लागतात, आणि गेम हरले की सामनाही हातून जातो. काय मोजायचे हे ठरवताना लोक काय खोटे करतील हेही आपण ठरवत असतो. इनिंग मोजल्या तर इनिंग फुगतात, गेम मोजले तर निदान फसवणुकीची किंमत त्याच टेबलावर मोजावी लागते. माझे मत या बाबतीत स्पष्ट आहे. आपल्या पार्लरसाठी गेम मोजणारी पद्धतच योग्य. सेफ्टी ओळखू शकणारा, तटस्थ आणि पूर्णवेळ गुणलेखक आपण प्रत्येक टेबलाला देऊ शकत नाही. ५–२ की ५–३, हे मात्र कोणीही लिहू शकतो.

त्याच प्रमाणावर आधारलेला छोटा तक्ता कोणालाही वहीत करता येतो. आकड्यांत सुमारे ५० चा फरक असेल तर रेस ५–४ ठेवावी. सरस खेळाडूची जिंकण्याची शक्यता ५६ टक्के येते. १०० च्या फरकाला ५–३, शक्यता ५७ टक्के. १५० ला ५–२, जवळपास निम्मी-निम्मी. २०० ला ६–२, ५८ टक्के. यात सरस खेळाडूकडे थोडे झुकते माप आहे, ते जाणूनबुजून ठेवले आहे. १०० च्या फरकाला ५–३ ऐवजी ६–३ केले, तर त्याची शक्यता ४७ टक्क्यांवर येते, म्हणजे चांगला खेळ हाच तोट्याचा ठरतो. सूट फरक भरून काढण्यासाठी असावी, उलटवण्यासाठी नव्हे. उलट ६–४ केले तर सरस खेळाडू ६५ टक्क्यांवर जातो आणि समोरच्याला सूट मिळाल्याचे जाणवतच नाही. एका गेमचा फरक किती जड असतो हे यावरून कळेल. 'जाऊ दे, अजून एक गेम देऊ' असे टेबलाशी उभे राहून बोलण्याची ही गोष्ट नाही.

सुरुवात कुठून करायची? पहिल्या दिवशी खेळाडूंना ४००, ४५०, ५००, ५५० अशा चार गटांत बसवावे. हा अंदाजच असेल, पण तो आयोजकाबरोबर दोन जाणत्या खेळाडूंनी मिळून करावा आणि सोडत काढण्याआधी यादी भिंतीवर लावावी. सोडतीनंतर एकही आकडा बदलू नये. पुढे प्रत्येक सामन्यानंतर साधा हिशोब: खेळलेल्या गेमपैकी किती जिंकणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती जिंकले, यातल्या फरकाला आठने गुणायचे आणि तेवढे गुण एकाला वाढवून दुसऱ्याचे कमी करायचे. १०० च्या फरकाच्या सामन्यात सरस खेळाडू ५–२ ने जिंकला, तर दोनास एक या प्रमाणाने सात गेमपैकी त्याच्याकडून ४.६७ अपेक्षित होते, मिळाले ५. म्हणून तो ३ गुणांनी वर. तोच ३–२ असा हरला, म्हणजे कच्च्याने आपले तीन गेम आधी पूर्ण केले, तर पाचपैकी ३.३३ अपेक्षित असताना मिळाले २. तो ११ गुणांनी खाली. नव्या खेळाडूच्या पहिल्या चाळीस गेमना आठऐवजी सोळाने गुणावे, म्हणजे चुकीचा अंदाज लवकर दुरुस्त होतो. हे सगळे मोबाइलवरच्या कोष्टकात बसते.

यात एक चूक सर्रास होते आणि ती अख्खी नोंद नासवते. अनेक ठिकाणी ५–३ ची रेस न लिहिता 'पाचची रेस, दोन गेम आधीच दिले' असे करतात. फळ्यावर कच्च्या खेळाडूचे खाते दोनपासून सुरू होते. सामना फळ्यावर ५–४ असा संपतो आणि वहीत ५–४ उतरतो. प्रत्यक्षात टेबलावर गेम झाले ५–२. ५–४ धरले तर नऊपैकी सहा अपेक्षित, मिळाले पाच, म्हणून जिंकलेल्या खेळाडूचे ८ गुण कमी होतात. खरे तर ३ वाढायला हवे होते. एका सामन्यात ११ गुणांची चूक, आणि तेवढीच उलट बाजूने समोरच्याच्या आकड्यात. अशा चार-पाच नोंदी झाल्या की खेळाडू तक्त्यातली एक पायरी चुकीच्या दिशेने सरकतो, आणि ज्याला खरोखर सुटीची गरज आहे त्याचीच सूट कापली जाते. मग सगळे म्हणतात, पद्धत बरोबर नाही. दान दिलेला गेम हा जिंकलेला गेम नव्हे. वहीत फक्त खेळलेले गेम लिहावेत. समोरचा आलाच नाही म्हणून मिळालेला सामना पुढच्या फेरीसाठी धरावा, आकड्यासाठी धरू नये. आणि 'जिंकला–हरला' एवढेच लिहू नये: ५–० आणि ५–२ यांत आकड्यासाठी लागणारी सगळी माहिती असते.

बाद फेरीची स्पर्धा नोंदीसाठी कमकुवत असते, कारण निम्मे खेळाडू एकाच सामन्यानंतर घरी जातात आणि त्यांचे गेम जमतच नाहीत. आठ-आठ जणांचे गट करून साखळी सामने घेतले तर प्रत्येकाला सात सामने मिळतात. सामन्याला सरासरी सहा गेम धरले तर एका फेरीत प्रत्येकाचे चाळीसच्या वर गेम नोंदले जातात. अशा पाच साखळ्यांत २०० गेम होतात. एका गटाचे सामने २८. सामन्याला एक तास धरला तर दोन टेबलांवर चौदा तास. महिन्यातल्या चार संध्याकाळी त्याला पुरतात.

बाहेरगावचा अनोळखी खेळाडू आला की आयोजकांची तारांबळ उडते. त्याला त्याच्या सांगण्यावरून सूट देऊ नये. पहिल्या स्पर्धेत त्याला यादीतल्या वरच्या गटात धरावे, आणि हे जाहिरातीतच छापावे, म्हणजे त्याला अपमान वाटायचे कारण नाही. पुढच्या वेळी त्याचा आकडा तोच बोलेल. अशी ये-जा वाढायलाच हवी. एकाच पार्लरमध्ये आपापसात खेळणाऱ्यांचे आकडे आपापसातच खरे असतात. तिथला ५०० आणि दुसऱ्या शहरातला ५०० सारखा असेलच असे नाही. दोन्ही ठिकाणी खेळणारे चार-सहा खेळाडू असले की दोन याद्यांची सांगड घालता येते.

टेबलाबद्दलही एक सूचना. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साधारण साडेचार ते ४.६२ इंचांचे असावे. आपल्याकडे लहान टेबलांवर ते बरेच सैल असते, आणि सैल पॉकेट नवख्याच्या चुका झाकते. घट्ट आणि सैल टेबलांवर आलटूनपालटून सामने होत असतील, तर निदान एकाच सामन्याचे सगळे गेम एकाच टेबलावर व्हावेत आणि टेबलाचा क्रमांक वहीत लिहावा.

स्पर्धा सुरू असताना 'हा फारच जिंकतोय' म्हणून उपांत्य फेरीआधी कोणाची सूट कापणे, हे मात्र कधीही करू नये. त्याने सगळ्यांच्या देखत, जाहीर झालेल्या आकड्यावर सामने जिंकले आहेत. आकडा चुकीचा असेल तर ती चूक आयोजकांची, आणि ती स्पर्धा संपल्यावर दुरुस्त करावी. मोठ्या लीगमध्ये मध्येच पातळी वाढवण्याचा अधिकार असतो, पण तो आधीपासून नियमावलीत लिहिलेला असतो आणि त्यामागे प्रत्येक सामन्याची वही असते. आपल्याकडे दोन्ही नसताना फक्त अधिकार उचलणे अन्यायाचे आहे.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. क्यू खेळांच्या स्थानिक स्पर्धांचे निकाल आपण आवर्जून छापता, त्याबद्दल खेळाडू ऋणी आहेत. हॅन्डिकॅप स्पर्धेचा निकाल छापताना नुसता '५–४' न छापता रेस किती होती आणि टेबलावर किती गेम झाले हेही द्यावे: 'रेस ५–३, निकाल ५–२'. आयोजकांकडून निकाल घेतानाच हे दोन आकडे मागितले, तर त्यांना ते आधी लिहून ठेवावे लागतील.

आपला,
पूल लीगचा एक गुणलेखक, पुणे